माळावरचे खड्डे

मे महिन्यातली सकाळ. सात वाजताच ऊन चटके देत होतं. उत्तर सोलापुरातल्या एका माळावर मी चालत होते आणि समोर खड्डेच खड्डे होते, दोरी धरून ओळीत मारलेले. पावसाळ्यात रोपं लावायची म्हणून यंत्रानं आधीच खणून ठेवलेले. वरची वीतभर माती बाजूला पडलेली, खाली नुसता मुरूम. त्या मुरमातून कुसळी गवताची मुळं केसांसारखी लोंबत होती. डोक्यावर एक माळटिटवी घिरट्या घालत ओरडायला लागली, तशी मी जागच्या जागी थांबले आणि पायाशी पाहिलं. खड्ड्याच्या काठापासून हातभर अंतरावर चार अंडी होती. मातकट रंगाची, काळपट ठिपक्यांची, निमुळती टोकं आत वळवून मांडलेली. घरटं म्हणावं असं काहीच नव्हतं, बारीक खड्यांची एक बशी तेवढी. यंत्राच्या चाकाचा ठसा त्या बशीला जवळजवळ चिकटून गेला होता.

जूनमध्ये पुन्हा गेले तेव्हा टिटवी तशीच ओरडत होती, पण अंड्यांवर नाही, एका खड्ड्यावर. टिटवीचं पिल्लू अंड्यातून निघाल्यावर काही तासांतच चालायला लागतं. ते चालत निघालं आणि खड्ड्यात पडलं. मी ते बाहेर काढून ठेवलं. बाकीची तीन कुठे होती, मला दिसली नाहीत.

ज्यांनी ते खड्डे खणून घेतले त्यांच्या कार्यालयात मी नंतर जाऊन बसले. माणसं चांगली होती. बसायला खुर्ची दिली, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "मॅडम, जागा मोकळीच आहे ना पण." या 'मोकळी' शब्दाशी माझं भांडण आहे, आणि ते त्या एका कार्यालयापुरतं नाही.

आपण सोलापूरकर झाडांसाठी आसुसलेलो असतो हे मला कळतं. एप्रिल-मेमध्ये पारा चव्वेचाळीसच्या घरात जातो, डांबर मऊ होतं, रिक्षावाला कडुनिंबाखाली जागा मिळावी म्हणून पुढच्या स्टॉपपर्यंत जातो. सावली आपल्यासाठी चैनीची गोष्ट नाही. त्यामुळे राज्यानं वृक्षलागवडीची मोहीम काढली, २०१६ ला दोन कोटी, मग चार, मग तेरा, २०१९ ला तेहेतीस कोटी असे आकडे चढत गेले, तेव्हा आपल्याला बरंच वाटलं. पण कोट्यवधी रोपं लावायची तर जागा लागते. शहरात जागा नाही, शेतकरी बांधावर फार झाडं लावू देत नाही. मग नजर जाते माळाकडे. सरकारदरबारी माळ म्हणजे पडीक. देशातल्या पडीक जमिनींचे जे नकाशे निघतात त्यांत झुडपी आणि गवताळ जमिनींना वेगवेगळी नावं देऊन बसवलेलं असतं. ही सवय इंग्रजांच्या काळापासूनची. ज्या जमिनीतून इमारती लाकूड निघत नाही आणि शेतसारा येत नाही, ती त्यांच्या हिशेबी वाया गेलेली. इंग्रज गेले. त्यांचा हिशेब मात्र आपण अजून चालवतो आहोत.

माळ हे उजाड झालेलं जंगल नव्हे. पर्जन्यछायेतला आपला प्रदेश, वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटरचा पाऊस, तोही लहरी, वर हातभरही माती नाही आणि खाली मुरूम. अशा जागी हजारो वर्षांत जे उभं राहिलं ते गवत: कुसळी, मारवेल, पवन्या. मधे कुठे हिवर, बोर, बाभूळ, तरवड. झाडाचा कोंब शेंड्याला असतो, तो खाल्ला की रोप खुंटतं. गवताची वाढ बुडातून होते. शेळीमेंढीनं वरून खाल्लं, वणव्यात जळलं, उन्हाळ्यात वाळून कोळ झालं, तरी मृगाच्या दोन सरींत ते हिरवं होतं. त्याची अर्धीअधिक कमाई जमिनीखाली असते, मुळांत आणि मुळांनी धरलेल्या मातीत. त्याला फक्त ऊन हवं. सोलापूरजवळच्या नान्नज परिसरात पूर्वी उंदीरमारीची म्हणजे ग्लिरिसिडियाची लागवड झाली. हे मध्य अमेरिकेतलं झाड, भराभर वाढतं, लागवडीचा आकडा पटकन गाठून देतं. त्याच्या दाट सावलीत मारवेल टिकत नाही. आणि मोकळ्या रानात लांबवर नजर फिरवून जगणारे धाविक, चंडोल, पखुर्डी हे पक्षी तिथून उठून जातात.

आता माळढोक पक्ष्याविषयी बोलायला हवं, कारण सोलापूरचं नाव वन्यजीवांच्या जगात त्याच्यामुळे आहे. १९७९ मध्ये सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं माळढोक अभयारण्य जाहीर झालं. त्यात गावं आली, रस्ते आले, खाजगी शेतं आली. जमिनीचे व्यवहार अडले, बांधकामं अडली आणि माणसं पक्ष्यावरच चिडली. पुढे ते क्षेत्र छाटून सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. या सगळ्या वर्षांत पक्षी कमीच होत गेला. वर्षाला एकच अंडं घालणारा, तेही उघड्या जमिनीवर. समोरचं नीट न दिसल्यानं विजेच्या तारांवर आदळून मरणारा. आज देशात दीडशेच्या आसपास उरलाय, बहुतेक राजस्थानात, जैसलमेरकडे. आपल्याकडे एखादी मादी दिसली तरी बातमी होते.

माळढोकावर माझं प्रेम आहे. पण मला वाटतं, आपण चाळीस वर्षं चुकीचा प्रश्न विचारत राहिलो. "माळढोक किती उरले?" असं दरवर्षी मोजत बसलो. माळ कशावर उभा आहे, हे विचारलंच नाही.

भुईकोट किल्ल्याची कमान पाहा. तिच्या ऐन मध्यावर पाचरीसारखा एक दगड असतो. आकारानं तो बाकीच्यांपेक्षा फार मोठा नसतो. पण दोन्ही बाजूंचे दगड एकमेकांवर रेलतात ते त्याच्या आधारानं. तो काढला तर कमान बसते. १९६० च्या दशकात रॉबर्ट पेन नावाच्या अमेरिकन जीवशास्त्रज्ञानं हीच उपमा सजीवांना दिली. पॅसिफिकच्या किनाऱ्यावरच्या एका खडकाळ पट्ट्यातले तारामासे तो पहारीनं उपटून समुद्रात फेकत राहिला. शेजारचा पट्टा तसाच ठेवला. तारामासा कालवांसारखे शिंपले खातो, आणि ते शिंपले जागा मिळाली की सगळा खडक व्यापतात. तारामासे गेल्यावर नेमकं तेच झालं. जिथे आधी पंधरा प्रकारचे जीव नांदत होते तिथे काही वर्षांत आठ राहिले, शिंपल्यांची चादर वाढतच गेली. शेजारच्या पट्ट्यात काहीच बिघडलं नाही. १९६९ मध्ये त्यानं अशा जिवासाठी 'कीस्टोन' हा शब्द वापरला. मराठीत मी त्याला कळीची प्रजाती म्हणते, कारण 'कळीचा मुद्दा' आपण रोज म्हणतोच. संख्येनं थोडी, पण तिच्या असण्यानं बाकीच्यांना जागा मिळते, अशी प्रजाती.

उंबराचं उदाहरण आपल्या अंगणातलं आहे. उंबर फोडलं की आत किडे निघतात म्हणून आपण तोंड वाकडं करतो. ते किडे म्हणजे उंबराच्या फुलांचं परागीकरण करणाऱ्या इवल्या गांधीलमाश्या. उंबराचं फूल कुणाला दिसत नाही म्हणतात, कारण ती फुलं फळाच्या आतच असतात आणि तिथवर पोचायचा मार्ग फक्त या माशीला माहीत आहे. वड, पिंपळ, उंबर यांची फळं बाकी झाडं कोरडी असतानाही मिळतात. उन्हाळ्यात पाखरं, वटवाघळं, खारी त्यांवर तगतात. एका तिळाएवढ्या माशीवर एवढं सगळं टेकलेलं आहे.

मग माळाचा कळीचा दगड कोणता? माळढोक नव्हे. माळढोक गेल्यामुळे माळ बिघडला नाही, माळ बिघडला म्हणून माळढोक गेला. तो माळाच्या तब्येतीची खूण होता. खूण पुसली जाते तेव्हा दुखणं बरंच पुढे गेलेलं असतं.

माझं उत्तर आहे लांडगा.

दख्खनच्या मोकळ्या रानात एके काळी दोन मोठे शिकारी होते. चित्ता गेला, १९५२ मध्ये तो देशातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. उरला लांडगा. देशभरात त्यांची संख्या दोन-तीन हजारांच्या आसपास धरली जाते. वाघ त्यांहून थोडेच जास्त आहेत, पण वाघासाठी १९७३ पासून स्वतंत्र प्रकल्प आहे, निधी आहे, पर्यटक आहेत. लांडगाही वाघासारखाच वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, पण तो राहतो अभयारण्याच्या बाहेर, आपल्या तुरीच्या आणि ज्वारीच्या शेतांमधून, कॅनॉलच्या कडेनं, ओढ्याच्या दरडीतल्या बिळात. नान्नजच्या काळविटांवर आणि आपल्या शेळ्यामेंढ्यांवर तो जगतो. काळविटांच्या कळपातलं म्हातारं, लंगडं, आजारी त्याच्या वाट्याला जातं. त्यानं सोडलेल्या सांगाड्यावर खोकड, तरस, कोल्हा, कावळे, मुंग्या पोट भरतात. आणि कळप सावध राहतो, एका जागी ठाण मांडून बसत नाही. माझ्या मते माळाला सगळ्यात जास्त उपयोग या भीतीचा होतो. काळवीट हरभऱ्यात घुसतं म्हणून आपला शेतकरी वैतागलेला आहे आणि त्याचं वैतागणं खरं आहे. पण काळविटाला रात्री दचकवणारं माळावर एकच जनावर उरलंय, आणि त्यालाच आपण बिळात धूर करून मारतो.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर एका धनगर वाड्यावर मी रात्र काढली. कापणी झालेल्या शेतात मेंढ्या बसवल्या होत्या, खतासाठी. शेतकरी त्याबद्दल धान्य आणि पैसे देतो. जाळीच्या कुंपणात तीनेकशे मेंढ्या, चार कुत्री, दोन घोडी, एका पालात आजी आणि लेकुरवाळी सून. पहाटे तीनच्या सुमारास कुत्री एकदम उठली. म्हातारे मामा माझ्याआधी उभे होते, काठी हातात, तोंडानं "हाऽऽ हाऽऽ" असा लांब हाळीचा आवाज. बॅटरीच्या झोतात मला फक्त दोन हिरवट डोळे दिसले, मग तेही गेले. सकाळी मोजलं तर एक कोकरू कमी होतं. ओढ्याच्या बाजूला लोकरीचे झुपके आणि रक्ताचा एक पट्टा. सून रडली. ते कोकरू तिनं बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. मी मामांना विचारलं, आता काय करणार? ते म्हणाले, "काय करायचं? वाडा उद्या हालवायचा. त्येला वास लागलाय. एका जागी बसून कुटं चालतंय, गवत बी संपतंय आन् त्यो बी येतोय."

हे वाक्य मी त्यानंतर कितीदा आठवलं असेल. कळप हलत राहतो म्हणून गवताला उसंत मिळते. गवताला उसंत मिळते म्हणून पुढच्या वर्षी कळप परत येऊ शकतो. कळप येतो म्हणून मालदांडी ज्वारीच्या रानाला लेंडीखत मिळतं. आणि कळप हलवायला लावणाऱ्यांत एक लांडगाही आहे. ज्वारीची भाकरी, मेंढी, गवत आणि लांडगा हे चार वेगळे विषय नाहीत, हे त्या म्हाताऱ्याला कुणी शिकवलं नव्हतं. पण याची किंमत त्याच्या सुनेनं भरली, तुम्ही-आम्ही नाही.

म्हणून भरपाईचा विषय मला झाडांइतकाच महत्त्वाचा वाटतो. लांडग्यानं जनावर मारलं तर शासनाकडून नुकसानभरपाई आहे, हे कागदावर खरं आहे. पण त्यासाठी वेळेत कळवायचं, मेलेलं जनावर जागेवरून हलवायचं नाही, पंचनामा व्हायची वाट बघायची. लांडगा कोकरू तोंडात धरून ओढ्यापलीकडे नेतो, पंचनाम्याला उरतात लोकरीचे झुपके. आणि वाडा तर उद्याच हलणार असतो, कदाचित दुसऱ्या तालुक्यात. मामांनी अर्ज केला नाही. मी करू का विचारलं तर हसले आणि घोडीवर सामान चढवायला लागले. एका गावात न राहणाऱ्या माणसासाठी गावात बसून भरायचा अर्ज उपयोगाचा नाही. वनरक्षकानं वाड्यावर जाऊन, मोबाइलवर फोटो आणि जागा नोंदवून, आठवड्याभरात पैसे खात्यात जमा करावेत. वाघाच्या एका पर्यटन फाटकावर जेवढा खर्च होतो त्याच्या मानानं हे काहीच नाही.

लांडगा हा शत्रू आहे असं मानून मारणारे जितके आहेत, त्याहून मोठा धोका आता कुत्र्यांचा आहे, आणि ती गोष्ट दुसऱ्या एका कळीच्या प्रजातीपाशी सुरू होते. माझ्या लहानपणी गावाबाहेर मेलेली जनावरं टाकायची जागा असायची आणि तिथे गिधाडं उतरायची. बैल सकाळी टाकला तर संध्याकाळी हाडं. मग नव्वदच्या दशकात गिधाडं झपाट्यानं नाहीशी झाली. जनावरांना वेदनाशामक म्हणून टोचलं जाणारं डायक्लोफिनॅक मढ्यातून त्यांच्या पोटात जात होतं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होत होती. हे २००४ मध्ये सिद्ध झालं, २००६ मध्ये जनावरांसाठीच्या या औषधावर बंदी आली. तोवर काही जातींतली शंभरातली पंच्याण्णवहून जास्त गिधाडं संपली होती. मढी पडून राहिली आणि ती खायला कुत्री आली. आज माळावर कुत्र्यांच्या टोळ्या काळविटाची पाडसं पळवून मारतात, जमिनीवरची अंडी खातात, पिसाळण्याचा रोग आणि डिस्टेंपर नावाचा कुत्र्यांचा जीवघेणा रोग लांडग्यांपर्यंत नेतात. शेजारच्या पुणे जिल्ह्यात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीत दिसलं आहे. एका औषधाच्या सुईपासून लांडग्याच्या रक्तापर्यंत ही साखळी येते. गिधाडाला आपण कधी प्रेमानं पाहिलं नाही. तो गेल्यावर त्याचं काम काय होतं ते कळलं.

आधी जाऊ द्यावं आणि मग परत आणावं, असं कुणाच्या मनात असेल तर यलोस्टोनकडे पाहावं. अमेरिकेतल्या त्या राष्ट्रीय उद्यानातले लांडगे १९२० च्या दशकात संपवले गेले. १९९५-९६ मध्ये कॅनडातून आणून पुन्हा सोडले. एल्क हरणं कमी झाली, ओढ्याकाठची झुडपं वाढली, नदी सावरली, अशी सुरेख गोष्ट जगभर पसरली. नंतरच्या अभ्यासांनी दाखवलं की ती इतकी सरळ नाही. सत्तर वर्षांच्या गैरहजेरीत ओढ्यांवर लाकडांचे बांध घालणारे बीव्हर हे प्राणी गेले होते, त्यांच्या बांधांविना ओढे खोल कापले गेले होते, पाण्याची पातळी उतरली होती. लांडगा परतला, पण ओढ्याकाठची ती विलोची झुडपं सगळीकडे परतली नाहीत. कळीचा दगड पुन्हा आणून ठेवला तरी खाली पडलेली कमान आपोआप उभी राहत नाही. आपल्याकडे सुदैवानं तो दगड अजून जागेवर आहे. हलतोय, पण आहे.

तेव्हा माझं म्हणणं अगदी सरळ आहे. माळावर झाडं लावणं थांबवा. लावायचीच तर शहरात लावा, रस्त्याकडेला वड-कडुनिंब लावा, शाळांच्या आवारात, गावठाणात, विहिरीपाशी लावा. तिथे ती हवीच आहेत आणि तिथे ती जगवायला माणसंही आहेत. गायरानं आणि वनखात्याची कुरणं यांना कागदोपत्री गवताळ प्रदेश म्हणा, पडीक म्हणू नका, कारण पडीक म्हटलं की आज झाडं, उद्या सौरपट्ट्या, परवा गोदाम हे ठरलेलं आहे. सौर वीज मलाही हवी आहे. ती छपरांवर, कारखान्यांच्या आवारात, खरोखर नापीक झालेल्या जागांवर उभी राहू शकते. पूर्वी लावलेली उंदीरमारी टप्प्याटप्प्यानं काढा. एकदम नको, कारण काही ठिकाणी आता लांडग्यानंच त्या आडोशाला बिळं केली आहेत. माळालगतच्या गावांत कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण सातत्यानं करा. आणि मोजायचंच असेल तर माळढोकासोबत लांडग्यांच्या टोळ्या मोजा, पिल्लं किती जगली ते मोजा, मारवेल किती एकरांवर आहे ते मोजा.

यातलं काही ग्रामसभेच्या हातात आहे. गायरानावर कशाची लागवड होणार हा ठराव गावासमोर येतो, तेव्हा बहुतेक वेळा कुणी काही बोलत नाही, कारण झाडाला नाही म्हणणारा माणूस वाईट दिसतो. गेल्या वर्षी एका गावात एका तरुण शेळीपालकानं उठून विचारलं, "खड्डे मारल्यावर आमची शेरडं कुठं चारायची?" ठराव पुढच्या सभेवर गेला. त्याला लांडग्याचं नाव घ्यावं लागलं नाही.

एक शेवटची विनंती सोलापूरकरांना, आणि पुण्याहून येणाऱ्यांनाही. लांडग्याची पिल्लं साधारण डिसेंबर-जानेवारीत बिळात असतात. नेमके तेच आपले हुरड्याचे दिवस. शेतावर या, आगटीभोवती बसा, शेंगाचटणीबरोबर पोटभर हुरडा खा. पण नंतर गाड्या माळावर घालू नका, रात्री दिव्यांचे झोत टाकत फिरू नका. बीळ दिसलं तर जवळ जाऊ नका, फोटो टाकू नका, जागा कुणाला सांगू नका. आई एकदा बिचकली की पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे हलवते, आणि थंडीच्या त्या रात्रींत दुसरीकडे म्हणजे बहुतेक वेळा कुणाच्या तरी उसात.